ग्रे ऊझला धातू कळत नाहीत

मागचे दोन लेख बायोफिल्मवर होते: ती म्हणजे काय, आणि पाइपच्या आत ती कशी घर करते. आजचा विषय तोच आहे, फक्त दार वेगळं आहे. आज एका राक्षसाचं परीक्षण करायचंय. पुस्तकातल्या, अर्थात.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा. बाकीचे एकेक पात्र घेतात: योद्धा, जादूगार, चोर, वैद्य. "तुम्ही काय करता?" असं गेम मास्टर विचारतो, खेळाडू सांगतात, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. राक्षसांची जाडजूड पुस्तकं असतात. प्रत्येक राक्षसाला आकडे असतात: जीव किती, वेग किती, मार किती.

या पुस्तकांत लिबलिबीत राक्षसांचं एक आख्खं घराणं आहे. इंग्रजीत त्यांना ऊझ म्हणतात. मराठीत गाळ, राड, लेंदा, बुळबुळ असे पुष्कळ शब्द सुचतात, पण टेबलावर आम्ही ऊझच म्हणतो. यातला ग्रे ऊझ पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे १९७४ पासून आहे. तो धातू खातो. मी बोलतोय ते पाचव्या आवृत्तीतल्या, २०१४ च्या पुस्तकातल्या त्याच्या रूपाबद्दल. तो निश्चल पडला असेल तर ओल्या दगडासारखा किंवा तेलकट डबक्यासारखा दिसतो. त्याला धातूच्या शस्त्राने मारलं की शस्त्राला कायमचा उणे १ चिकटतो. असे पाच झाले की शस्त्र संपलं. त्याने तुम्हाला मारलं आणि तुमच्या अंगावर धातूचं चिलखत असेल तर चिलखतालाही कायमचा उणे १. आणि शेवटचं वाक्य असं की हा प्राणी दोन इंच जाडीचा, जादू नसलेला धातू एका फेरीत खाऊन आरपार जातो.

एक फेरी म्हणजे सहा सेकंद.

गंजावर पीएचडी करणाऱ्या माणसाने हे वाक्य वाचल्यावर कॅल्क्युलेटर काढला नाही तर त्याची शिष्यवृत्ती परत घ्यावी. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. सहा सेकंदांत एवढं, म्हणजे सेकंदाला साडेआठ मिलिमीटर. आम्ही गंजाचा वेग वर्षाला किती मिलिमीटर असा मोजतो. त्या मापात ग्रे ऊझचा वेग वर्षाला सुमारे २६७ किलोमीटर येतो. साधं पोलाद समुद्राच्या पाण्यात वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजतं. म्हणजे ग्रे ऊझ समुद्रापेक्षा अडीचशे कोटी पटींहून जास्त भुकेला आहे.

आता तो हे करतो कसं? पुस्तक म्हणतं आम्लाने. ठीक. दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि दोन इंच जाड असा लोखंडाचा ठोकळा घ्या. वजन सुमारे ४ किलो. हा आम्लात विरघळवायचा तर बाजारातलं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल किमान १२ लिटर लागेल आणि सुमारे १७०० लिटर हायड्रोजन वायू सुटेल. बंद तळघरात, सहा सेकंदांत, चार खेळाडूंच्या हातात पेटत्या मशाली असताना. ऊझ राहील बाजूला, सगळ्यांचे केस जळतील. आम्ल नको, हवेतल्या ऑक्सिजननेच खातो म्हणालात, तर तेवढ्या लोखंडाला सुमारे ६ घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो आणि जवळजवळ ३ कोटी जूल उष्णता बाहेर पडते. सहा सेकंदांत, म्हणजे सुमारे ५ मेगावॅट. अंबडमधल्या एखाद्या मध्यम कारखान्यालाही एवढं वीज कनेक्शन नसतं.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, अरे बाबा, ती जादूची दुनिया आहे. ड्रॅगन उडतो ते चालतं, मग हे का नाही? बरोबर आहे. वेग जास्त आहे ही माझी तक्रारच नाही. हा हिशोब मी मजेसाठी केला आणि त्याचा पुढे उपयोग होणार आहे म्हणून मांडला. माझी तक्रार नियमातल्या 'धातू' या शब्दाबद्दल आहे.

पुस्तकातल्या ग्रे ऊझला लोखंड, तांबं, चांदी, सोनं, शिसं सगळं सारखं. एकच अट: जादू नसलेलं. म्हणजे नियम काटेकोर वाचला तर राजाच्या खजिन्यातल्या सोन्याच्या मोहरासुद्धा तो त्याच सहा सेकंदांत खातो, आणि कोणा गावठी मांत्रिकाने फुंकर मारलेला खिळा मात्र त्याला चालत नाही. सोनं हे कोणत्याही एका साध्या आम्लाला दाद देत नाही, म्हणून तर ते सोनं. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक एकत्र केल्यावरच ते विरघळतं, हे सराफ बाजारात काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

हीच चूक त्याच्या भाऊबंदांनी केलेली नाही हे विशेष. रस्ट मॉन्स्टर म्हणून एक राक्षस याच खेळात आहे. त्याची जन्मकथा गायगॅक्सने स्वतः सांगितलेली आहे: हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांच्या पिशवीत एक विचित्र प्राणी निघाला, त्यावरून तो सुचला. एवढ्या फुटकळ उगमाचा हा प्राणी, पण त्याचा नियम शहाणा आहे. तो फक्त लोहयुक्त धातू खातो. त्याला तीस फुटांवरून लोखंडाचा वास येतो. म्हणजे त्याला एक आवड आहे, आवड आहे म्हणून स्वभाव आहे, आणि स्वभाव आहे म्हणून त्याच्याशी वागायचे वेगवेगळे मार्ग आहेत. लोखंडी पळी दूर फेका, तो तिकडे धावेल. तुमच्या मित्राची तलवार वाचवायला तुम्ही तुमची ढाल त्याच्यापुढे टाकाल का, असा प्रश्न टेबलावर उभा राहतो. प्रश्न उभा राहिला की खेळ सुरू झाला.

ग्रे ऊझबाबत असा प्रश्नच पडत नाही. त्याचा वेग फेरीला १० फूट, माणसाचा ३०. त्याच्यावर उपाय काय? मागे सरका आणि बाण मारा. बाणाचं टोक नष्ट होतं, पण नुकसान करून झाल्यावर. आणि वीस बाण एका सोन्याच्या नाण्यात मिळतात. संपला विषय. ज्याला हे माहीत नाही तोच पुढे जाऊन तलवारीने मारतो. ऊझचा जीव सरासरी २२. साधी लांब तलवार एका घावात सात-आठ काढते. म्हणजे तीन घावांत ऊझ मरतो आणि तलवारीला कायमचा उणे ३ लागतो. हे कोणाच्या बाबतीत होतं? योद्ध्याच्या. आणि योद्धा कोण घेतं? बहुतेक वेळा जो पहिल्यांदा खेळायला आलाय तो, कारण जादूगाराचे पन्नास मंत्र वाचण्यापेक्षा तलवार सोपी. जादूगार, ज्याच्या अंगावर सुती झगा, तो मजेत. म्हणजे हा राक्षस टेबलावरच्या सगळ्यात नव्या माणसाची सगळ्यात आवडती वस्तू कायमची बिघडवतो आणि बदल्यात त्याला काही ठरवायलाही देत नाही. सरकारी दंडाच्या पावतीसारखा आहे तो.

आमच्या टेबलावर हे जास्त खुपतं, त्याला कारण आहे. आम्ही खेळतो ते अंबडमध्ये. एमआयडीसीच्या कडेला, एकाच्या घराच्या वरच्या खोलीत, रविवारी. टेबलावर मी एकटाच कॉलेजवाला. बाकी एक फिटर आहे, एक प्लेटिंग शॉपमध्ये बाथ सांभाळतो, एक सीएनसीवर आहे आणि एकाची ड्यूटी ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लांटवर. धातू म्हणजे काय हे या लोकांना माझ्यापेक्षा हाताने जास्त कळतं. पहिल्यांदा ग्रे ऊझ टेबलावर आला तेव्हा फिटरने लगेच विचारलं, "तलवार एसएसची केली तर?" एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील. पुस्तकात उत्तर नाही. प्लेटिंगवाल्याने विचारलं, "जस्त चढवलं तर?" पुस्तकात उत्तर नाही. "याच्यात भंगार टाकत राहिलो तर याचा बाथ मरणार नाही का?" हा प्रश्न तर माझ्या गाइडने विचारावा इतका चांगला. पुस्तकाचं उत्तर: उणे १.

माणसं आपली माहिती घेऊन खेळायला बसतात. चोराचं पात्र घेतलेल्याला कुलपातलं कळत असेल तर चांगला गेम मास्टर त्याला त्याचा फायदा देतो. मग धातूतलं कळणाऱ्याला धातू खाणाऱ्या राक्षसासमोर काहीच करता येऊ नये, हे कसं?

इथे पंचतंत्रातल्या एका गोष्टीची आठवण काढतो. एक व्यापारीपुत्र परगावी जाताना आपला लोखंडी तराजू एका सावकाराकडे ठेवतो. परत आल्यावर सावकार सांगतो की तराजू उंदरांनी खाल्ला. हा काही न बोलता सावकाराच्या मुलाला नदीवर घेऊन जातो, लपवून ठेवतो आणि परत येऊन सांगतो की मुलाला ससाण्याने उचलून नेलं. प्रकरण दरबारात जातं. उंदीर लोखंड खाऊ शकतात तर ससाणा मुलगाही नेऊ शकतो, हा त्याचा युक्तिवाद. बहुतेक जण ही लबाडाला धडा शिकवल्याची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती कल्पित जगाच्या नियमांची गोष्ट वाटते. एक अशक्य गोष्ट मान्य केलीत की तिच्या मागून येणाऱ्या गोष्टीही मान्य कराव्या लागतात. ग्रे ऊझच्या नियमात हीच हिंमत नाही. तो लोखंड खातो म्हणतो आणि त्यामागून येणारं काहीही, म्हणजे वायू, वास, उष्णता, भरलेलं पोट, काळा थर, मान्य करत नाही.

तर बदल करायचा. हौशी गेम मास्टर ऊझमध्ये बदल करतात तेव्हा बहुधा जीव वाढवतात, मार वाढवतात किंवा जादूची शस्त्रंही खाऊ देतात. म्हणजे दंडाची रक्कम वाढवतात. मी उलट्या बाजूने गेलो. खऱ्या जगात लिबलिबीत आणि धातू खाणारं काय आहे? तर माझ्या प्रबंधाचा विषय.

जुन्या वाचकांना माहीत आहे, नव्यांसाठी परत. पाण्यात राहणारे जीवाणू पृष्ठभागावर चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. टाकी धुताना भिंतीला हात लावल्यावर जे बुळबुळीत लागतं ते हेच. या थराच्या तळाशी ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथे सल्फेटवर जगणारे जीवाणू मजा करतात. ते सल्फेटचं सल्फाइड करतात. लोखंडाशी त्याचा काळा लोहसल्फाइड होतो आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. ऑक्सिजन नसलेल्या जमिनीत गाडलेले ओतीव लोखंडाचे पाइप का सडतात याचं उत्तर १९३४ मध्ये दोन डच संशोधकांनी या जीवाणूंकडे बोट दाखवून दिलं होतं. २००४ मध्ये ब्रेमेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने दाखवलं की यातल्या काही जाती थेट लोखंडातून इलेक्ट्रॉन उचलतात. म्हणजे 'धातू खाणारा गाळ' ही कल्पना अगदीच हवेतली नाही. फक्त तो सावकाश खातो.

आणि सावकाश खाण्यातच त्याची भीती आहे. तो सगळीकडून सारखा खात नाही. एका ठिकाणी बसतो आणि खाली खड्डा करत जातो, ज्याला पिटिंग म्हणतात. वरून पाइप ठणठणीत. मार्च २००६ मध्ये अलास्कातल्या प्रुडो बे इथे तेलाच्या पाइपलाइनला आतून गंजून छोटं भोक पडलं आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत सुमारे ८ लाख लिटर तेल बर्फावर सांडलं होतं. त्यात जीवाणूंचा हात असावा असा तपासाचा रोख होता. टायटॅनिकच्या बुडालेल्या सांगाड्यावर गंजाचे जे लोंबते झुंबर दिसतात त्यांतून एक जीवाणू वेगळा काढून २०१० मध्ये त्याचं नावही हॅलोमोनास टायटॅनिके असं ठेवलं गेलं. १९१२ पासून चाललेलं जेवण अजून संपलेलं नाही.

तर माझा ऊझ. त्याला आम्ही टेबलावर 'काळी राड' म्हणतो. ती वसते एका बुडालेल्या टाकसाळीत. ही टाकसाळ काल्पनिक आहे, पण डोक्यात चांदवड होतं. होळकरांच्या काळात तिथे टाकसाळ होती आणि चांदवडी रुपया दूरवर चालायचा. टाकसाळ का निवडली? कारण तिथे सगळे धातू एका छपराखाली असतात: लोखंडी ऐरणी आणि ठसे, तांब्याचे तुकडे, चांदी, थोडं सोनं, शिसं. खेळाडू आत शिरतात तेव्हा मी राक्षस दाखवत नाही. धातू दाखवतो. लोखंडी दाराच्या जागी काळा चिखल. तांब्याच्या पत्र्यावर काळे-हिरवे डाग. चांदीचे रुपये काळेकुट्ट, पण शाबूत, अक्षरं वाचता येतात. सोन्याची एक मोहर कालच पाडल्यासारखी पिवळीधमक. यातून राडीला काय आवडतं आणि काय नाही हे ज्याचं त्याने ओळखायचं. आमच्या टेबलावर ते दहा मिनिटांत ओळखलं गेलं, आणि ज्याने ओळखलं त्याने चांदीचं नाणं दोऱ्याला बांधून गळ्यात घातलं. सल्फाइड हवेत अगदी थोडं असलं तरी चांदी काळवंडते. आजीचे पैंजण कपाटात पडून काळे होतात ते त्याचमुळे. नाणं जितक्या लवकर काळं पडेल तितकी राड जवळ. हा नियम मी लिहिलेला नव्हता. तो टेबलाने लिहिला आणि मी मान्य केला.

उणे १ मी काढून टाकला. त्याच्या जागी जे घातलं ते प्लेटिंग शॉपमधून उचललंय. पोलाद आम्लात बुडवलं किंवा त्यावर प्लेटिंग केलं की थोडा हायड्रोजन पोलादाच्या आत शिरतो. सल्फाइड असेल तर आणखी जास्त शिरतो. बोल्ट दिसायला नवा कोरा असतो, मापात असतो आणि ताण आल्यावर एक दिवस काचेसारखा तुटतो. म्हणून जास्त ताकदीचे बोल्ट प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत साधारण २०० अंशांवर काही तास भाजतात, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. अंबडच्या कुठल्याही प्लेटरला 'बेकिंग झालं का' हा प्रश्न नवा नाही.

खेळात हे असं: राडीवर तलवार मारली की मी माझ्या कागदावर गुपचूप एक टिंब काढतो. तलवार पूर्वीइतकीच चालते. पण पुढे कधीही वीस बाजूंच्या फाशावर टिंबांच्या संख्येइतका किंवा कमी आकडा पडला की तलवार तुटते. तीन टिंबं असतील तर १, २ किंवा ३ पडला की गेली. कदाचित याच लढाईत, कदाचित दोन महिन्यांनी, ड्रॅगनसमोर. खेळाडूला टिंबं किती ते माहीत नसतं. पण उपाय आहे: रात्रभर मुक्काम करून तलवार निखाऱ्यांच्या कडेला मंद आचेवर ठेवायची. टिंबं पुसली जातात. लाल होऊ दिली तर तिला दिलेलं पाणी उतरतं आणि मग खरंच उणे १ लागतो. आता बघा प्रश्न कसे उभे राहतात. मुक्काम करायचा तर कुठे? राड मागे असताना आठ तास थांबायचं? की तशीच तलवार घेऊन पुढे जायचं? पहिल्या रविवारी प्लेटिंगवाल्याने मी काही सांगायच्या आत विचारलं, "भाजायला आग करू का?" बाकीचे त्याच्याकडे बघत राहिले. त्याचं पात्र चोराचं होतं, तलवार त्याची नव्हतीच, योद्ध्याची होती.

एसएसच्या तलवारीचं उत्तरही आता देता येतं. स्टेनलेस स्टील टिकतं ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ पापुद्र्यामुळे, आणि तो ओरखडला तर पुन्हा जुळायला ऑक्सिजन लागतो. राडीच्या खाली ऑक्सिजन नाही. तेव्हा तलवार मारून लगेच बाहेर काढलीत तर एकही टिंब नाही; राडीत अडकून राहिली तर फेरीला दोन. जस्त चढवलेलं चिलखत असेल तर आधी जस्त जातं, मग लोखंड. जीआय पत्र्याचं तत्त्व तेच. आमच्या योद्ध्याने चिलखताला जस्ताची चार लोळकी लटकवली आहेत आणि चालताना तो बैलगाडीसारखा वाजतो, त्यामुळे लपून जाणं बंद. किंमत मोजावी लागली की मजा येते.

भंगाराचा प्रश्न सगळ्यात आवडता, आणि इथे सुरुवातीचा हिशोब कामाला येतो. चार किलो लोखंडाला १२ लिटर आम्ल लागत असेल तर राडीच्या पोटात किती आम्ल असेल? पिकलिंगच्या टाकीत काम केलेला माणूस सांगेल की लोखंड विरघळत गेलं की टाकी मंदावते आणि शेवटी बाथ बदलावा लागतो. म्हणून माझ्या राडीला जिवाबरोबर 'भूक' असा दुसरा आकडा आहे: २० किलो. तेवढं लोखंड खाऊन झालं की ती सुस्तावते, तिचं आम्ल संपतं आणि ती नुसता घाण गाळ उरते. जुन्या ऐरणी, बिजागऱ्या, तुटलेले ठसे गोळा करून तिच्यावर फेका. लढाई जिंकायचा हा पूर्ण वेगळा रस्ता आहे आणि त्याला तलवार लागत नाही. फक्त मशाल दूर ठेवा, कारण प्रत्येक किलोला चारशे लिटरच्या वर हायड्रोजन सुटतो आणि माझ्या टाकसाळीत वायू जातो कुठे याचा हिशोब मी ठेवतो. आमच्या लोकांनी तो एकदा मुद्दाम पेटवला. छप्पर गेलं, राडही गेली, चांदीचे रुपये शेजारच्या शेतात सापडले.

एका गोष्टीवर मात्र मी खेळ थांबवून बोललो, आणि ही आवृत्ती कोणी वापरणार असेल तर त्यांनीही बोलावं. सल्फाइडचा तो वायू थोडा असतो तेव्हा भयंकर वास येतो. जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. खेळात हे फार परिणामकारक आहे. "वास थांबला," असं मी म्हणालो आणि तिघांनी सुटकेचा श्वास टाकला, तेव्हा ईटीपीवाला एकदम म्हणाला, "मागे फिरा. आत्ता. वास गेला म्हणजे जास्त झालंय." त्याच्या आवाजात गंमत नव्हती. याच वायूने आपल्याकडे मॅनहोलमध्ये आणि सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसं मरतात. एक बेशुद्ध पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. माणसाने हाताने मैला साफ करण्यावर बंदी आणणारा कायदा २०१३ चा आहे. अशा बातम्या त्यानंतरही येतच आहेत. त्या रविवारी पुढचा अर्धा तास त्याने आम्हाला टाकीत उतरण्याआधी काय काय तपासतात ते सांगितलं: मीटर, दोर, वर उभा राहणारा माणूस. मग आम्ही खेळ पुढे नेला, आणि तेव्हापासून त्याच्या पात्राला विषारी हवा ओळखण्याच्या प्रत्येक फाशावर अधिक ५ आहे.

पुस्तकाची बाजूही मांडली पाहिजे. उणे १ लक्षात ठेवायला सोपा आहे. चार तासांच्या खेळात पंधरा राक्षस येणार असतील तर प्रत्येकासाठी गेम मास्टरने रसायनशास्त्र उघडून बसायचं नाही, हे मान्य. आणि ग्रे ऊझ हा खालच्या पातळीचा, येता-जाता भेटणारा राक्षस आहे, त्याला एवढा मान द्यायलाही कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांना फक्त ओल्या दगडावर पाय पडून दचकायचंय त्यांच्यासाठी पुस्तकातला पुरेसा आहे. दचकण्याचा भाग तर उत्तमच आहे, तो मी जसाच्या तसा ठेवलाय. पण आख्खा रविवार एकाच राक्षसावर घालवायचा असेल तर त्याला किमान चार धातूंची चव वेगवेगळी लागली पाहिजे. बाकी नियम विसरलात तरी चालेल.

'जादू नसलेला धातू' ही अटही मी काढली. त्याऐवजी दिल्लीच्या लोहस्तंभाचं उदाहरण घेतलं. सुमारे १६०० वर्षं उघड्यावर उभा असलेला, सहा टनांहून जड लोखंडी खांब, आणि गंज नावापुरता. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचं कारण दाखवलं: त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक थर जमत गेला. तर माझ्या जगातल्या 'जादूच्या' तलवारी म्हणजे विशिष्ट भट्टीतल्या, विशिष्ट लोहारांच्या तलवारी. त्यांना राडीसमोर तीन टिंबं माफ. चौथं लागू. खेळाडूंना आता त्या लोहाराचं गाव शोधायचंय, आणि मला ते गाव अजून बनवायचंय.

सध्या अडलंय ते पितळेवर. टाकसाळीच्या दारात मी एक मोठी पितळी घंटा टांगून ठेवली होती, नुसती शोभेला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वाईट पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा लालसर, भुसभुशीत सांगाडा उरतो. आकार तोच, माप तेच, हाताने दाबलं तर भुगा. जुन्या नळाच्या तोट्या अशाच जातात. सीएनसीवाल्याने घंटेचा रंग विचारला. मी लाल म्हणालो. त्याने ती वाजवायला नकार दिलाय, बाकीच्यांना वाजवायचीच आहे, आणि पुढचा रविवार त्यावरून सुरू होईल.